ठेव, पासबुक आणि साक्ष : फ्रीडमन्स बँकेची पडझड व फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र

दलित आत्मकथनांची चर्चा करताना अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आत्मनिवेदनांशी त्यांची तुलना करण्याची प्रथा मराठी समीक्षेत चांगलीच रुळली आहे. या तुलनेत फ्रेडरिक डग्लस यांचे नाव अपरिहार्यपणे येते. परंतु ते येते ते बहुधा १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या, छोटेखानी आत्मनिवेदनाच्या संदर्भात. गुलामीत जन्म, चोरून मिळविलेली अक्षरओळख, मालकाशी झालेली झटापट आणि अखेर पलायन असा या पुस्तकाचा आलेख आहे. तो नाट्यपूर्ण असल्यामुळे वाचकाच्या मनावर त्याचा ठसा उमटतो. याच लेखकाने १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेले व १८९२ मध्ये वाढविलेले 'लाइफ अँड टाइम्स ऑफ फ्रेडरिक डग्लस' हे आत्मचरित्र मात्र समीक्षकांच्या दृष्टीने दुय्यम ठरले. प्रतिष्ठा पावलेल्या वृद्ध माणसाने आपल्या पदांचा व गाठीभेटींचा दिलेला वृत्तांत, असे त्याचे वर्णन केले जाते. हे वर्णन सर्वस्वी चुकीचे नाही. तथापि या पुस्तकात एका बुडालेल्या बँकेची जी हकीकत आली आहे, ती गुलामीच्या निवेदनाला विचारताच न येणारा एक प्रश्न उभा करते. तो प्रश्न असा, की मुक्त झालेल्या माणसाने विश्वास कोठे ठेवावयाचा?

ही बँक म्हणजे 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी'. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना आयुष्यात प्रथमच रोख वेतन मिळू लागले. ते सुरक्षित राहावे म्हणून नॉरफोक, न्यू ऑर्लीन्स आणि दक्षिण कॅरोलायनातील ब्यूफर्ट येथे लष्करी अधिकाऱ्यांनी छोट्या बचत पेढ्या उघडल्या होत्या. त्यांच्याच धर्तीवर एक राष्ट्रव्यापी संस्था असावी ही कल्पना जॉन ऑल्व्हर्ड या धर्मोपदेशकाने उचलून धरली. अमेरिकेच्या काँग्रेसने तसा कायदा केला आणि ३ मार्च १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. पुढे सुमारे सहा आठवड्यांतच त्यांचा खून झाला. मुक्तिदात्याने अखेरच्या दिवसांत दिलेली देणगी, असे या बँकेचे रूप लोकांच्या मनात ठसले ते यामुळेच.

वस्तुतः ही बँक सरकारी नव्हती. सरकारने तिला सनद दिली होती, हमी दिली नव्हती. हा भेद वकिलाला समजतो. कालपरवापर्यंत स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता असलेल्या शेतमजुराला तो समजण्याचे काही कारण नव्हते. शिवाय तो समजू नये अशीच सारी मांडणी होती. पासबुकावर लिंकन यांची प्रतिमा असे, राष्ट्रध्वज असे. मुक्त गुलामांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड या बँकेची शिफारस करीत आणि त्या खात्याचे कर्मचारी व धर्मोपदेशक गावोगाव तिचा प्रचार करीत. पाच सेंटपासून ठेव स्वीकारली जाई. धोबिणी, हमाल, सैनिक, शेतमजूर, चर्चच्या मंडळ्या, मर्तिकाच्या खर्चासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या परस्परसाहाय्यक संस्था असे सर्व थरांतील खातेदार तिला मिळाले. अल्पावधीतच सतरा राज्यांत आणि राजधानीत मिळून सदतीस शाखा उघडल्या गेल्या. बँकेच्या उण्यापुऱ्या नऊ वर्षांच्या आयुष्यात सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलर तिच्या खिडक्यांतून आत आले. त्यांतील बराचसा भाग खातेदारांनी जमिनी, घरे, अवजारे घेण्यासाठी वेळोवेळी परतही नेला.

मूळ सनदेत एक शहाणपणाची अट होती. ठेवींपैकी किमान दोनतृतीयांश रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवावयाची आणि उरलेली चालू मागणी भागविण्यासाठी हाताशी ठेवावयाची. कर्जे देण्याचा व्यवहार या बँकेने करावा हे मूळ योजनेतच नव्हते. १८६७ मध्ये बँकेची मुख्य कचेरी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला आली आणि सूत्रे हळूहळू एका लहान गटाच्या हाती गेली. वित्त समितीचे अध्यक्ष हेन्री कुक हे युद्धकाळात सरकारी रोखे विकून कीर्ती मिळविलेल्या जे कुक यांचे बंधू. १८७० मध्ये सनदेत दुरुस्ती होऊन स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली. मग धोबिणीची पाच सेंटची ठेव जमिनींच्या सट्ट्याकडे, सेनेका सँडस्टोन कंपनीसारख्या डळमळीत उद्योगांकडे आणि कुक बंधूंच्या रेल्वे व्यवहाराकडे वळू लागली. याच सुमारास पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर अर्थखात्याच्या समोर बँकेची भव्य इमारत उभी राहिली. इमारत जितकी देखणी तितका ठेवीदार निर्धास्त, हा नियम आजही मोडीत निघालेला नाही.

१८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुक यांची पेढी बंद पडली आणि अमेरिकेत आर्थिक अरिष्टाला तोंड फुटले. फ्रीडमन्स बँकेच्या वॉशिंग्टन व अन्य ठिकाणच्या शाखांवर ठेवी काढण्यासाठी झुंबड उडाली. अशा झुंबडीचे स्वरूप थोडे उलगडून पाहणे आवश्यक आहे, कारण साहित्यात व इतिहासलेखनातही तिचे चित्रण सर्रास 'अफवेने बिथरलेला जमाव' या साच्यात केले जाते. बचत बँकेत ठेवलेला पैसा पेटीत पडून नसतो. तो दीर्घ मुदतीच्या रोख्यांत व तारणांत अडकलेला असतो. ठेवीदाराला मात्र तो मागताक्षणी मिळेल असा भरवसा दिलेला असतो. सर्वजण एकाच वेळी मागणार नाहीत, या गृहीतावर हा डोलारा उभा असतो. ते गृहीत डळमळले की चांगले रोखेही घाईने, पडत्या भावाने विकावे लागतात आणि शिल्लक राहतात ती न वसूल होणारी कर्जे. अशा वेळी जो आधी पोहोचतो त्याला पूर्ण रक्कम मिळते. जो बँकेवर भरवसा ठेवून घरी थांबतो त्याच्या वाट्याला तूट येते. म्हणजे रांगेत धावत येणारा माणूस अविचारी नसतो. त्याला प्राप्त परिस्थितीचे वाचन बिनचूक जमलेले असते, आणि फ्रीडमन्स बँकेच्या बाबतीत तर ते पूर्णतः जमले होते. १८७४ च्या आरंभी झालेल्या सरकारी तपासणीत बँकेचे देणे तिच्या मालमत्तेहून अधिक झाले असल्याचे आढळून आले.

नेमक्या या क्षणी, मार्च १८७४ मध्ये, डग्लस यांना बँकेचे अध्यक्ष करण्यात आले. देशातील सर्वांत विश्वसनीय कृष्णवर्णीय नाव बँकेच्या दारावर लागले की झुंबड थांबेल, असा हा हिशेब होता. ते विश्वस्त मंडळात आधीपासून होते, परंतु बँकव्यवहाराचा अनुभव त्यांना नव्हता.

आत्मचरित्रातील या प्रकरणाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. डग्लस आरंभ करतात तो इमारतीच्या वर्णनाने. संगमरवराचा झगमगाट, गल्ल्यामागे बसलेले नीटस पोशाखातील कृष्णवर्णीय कारकून, त्यांच्या कानांवर खोवलेल्या लेखण्या आणि कोटावरची फुले हे सारे ते कौतुकाने, पण किंचित मिस्कीलपणे टिपतात. ज्याने बालपण एका जाड्याभरड्या सदऱ्यावर काढले, तो मनुष्य या वैभवाने दिपून जातो, आणि आपण दिपलो होतो हे तो लपवीत नाही. वाचकालाही ते आधी त्याच दिपलेल्या डोळ्यांनी बँक पाहावयास लावतात. हिशेबाच्या वह्या मागाहून उघडल्या जातात. ठेवीदाराची फसगत कशी झाली हे सांगण्याऐवजी ती वाचकाला क्षणभर अनुभवावयास लावणे, हे या निवेदनाचे सामर्थ्य होय.

पुढचा भाग मात्र कैफियतीच्या सुरात उतरतो. पदावर येताच त्यांनी ठेवीदारांना धीर दिला, अडचण निभावण्यासाठी स्वतःचे १०,००० डॉलर बँकेला उसने दिले. मग एकेक गोष्ट कळत गेली. बँक भक्कम असल्याची ग्वाही देणाऱ्या काही विश्वस्तांनी आपल्या स्वतःच्या ठेवी गुपचूप काढून घेऊन अन्यत्र ठेवल्या होत्या. बँक सावरणे अशक्य आहे याची खात्री पटल्यावर डग्लस यांनी सेनेटच्या वित्त समितीपुढे सत्य स्थिती मांडली. काही विश्वस्तांनी तेथेही त्यांना खोडून काढण्याचा प्रयत्न केला. स्वतःचे दोन हजारांच्या आसपास डॉलर त्यांना काढून घेता आले असते, ते त्यांनी इतर ठेवीदारांबरोबर तसेच राहू दिले. आपले लग्न एका प्रेताशी लावून देण्यात आले, अशा आशयाची त्यांची या प्रसंगावरील प्रतिमा प्रसिद्ध आहे. तीत संताप आहे, तसा बोहल्यावर उभे राहताना आपण नीट पाहिले नाही याचा सलही आहे.

गुलामीचे निवेदन ही साक्ष असते. साक्षीदाराने सोसलेले असते आणि आरोपी समोर असतो. बँकेच्या प्रकरणात साक्षीदार व आरोपी या दोन्ही भूमिका डग्लस यांच्याच वाट्याला आल्या. बँक बुडविल्याचा ठपका त्यांच्यावर आला होता आणि त्याचे निराकरण करण्यात प्रकरणाची बरीच शक्ती खर्ची पडते. परिणाम असा की ठेवीदार हा शब्द येतो, पण ठेवीदार माणूस म्हणून जवळजवळ दिसत नाही. पहिल्या पुस्तकात चाबकाखालच्या प्रत्येक देहाला नाव देणाऱ्या लेखकाच्या बाबतीत ही उणीव जाणवल्याखेरीज राहत नाही. आणखी एक अवघड गोष्ट शिल्लक उरते. मार्चमध्ये ज्यांनी डग्लस यांच्या शब्दावर विसंबून पैसे काढले नाहीत ते बुडाले, आणि ज्यांनी त्या शब्दाकडे दुर्लक्ष केले ते वाचले. डग्लस यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रामाणिक माणसाचा शब्दच येथे हानीचे साधन बनला, हे आत्मचरित्रात सरळ वाक्यात कोठे उतरत नाही. प्रेताच्या प्रतिमेआड ते दडून राहते.

बँक जून १८७४ च्या अखेरीस बंद झाली. त्या वेळी ६१,१४४ ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर तिच्याकडे अडकले होते. १८७५ ते १८८३ या काळात पाच हप्त्यांत, शेकडा बासष्ट या प्रमाणात परतफेड झाली. पण ती मिळविण्यासाठी पासबुक वॉशिंग्टनला धाडून पडताळून घ्यावे लागे. ज्यांच्या ठेवी लहान होत्या, ज्यांनी गाव बदलले होते, ज्यांचा आता कागदावरच विश्वास उरला नव्हता, अशा असंख्यांनी ते धाडलेच नाही. उरलेली रक्कम सरकारने भरून द्यावी या मागणीला काँग्रेसने कधीच मान्यता दिली नाही. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'मध्ये या घटनेचा उल्लेख करताना पैशाच्या हानीपेक्षा बचतीवरील श्रद्धेची हानी मोठी मानली. गुलामीची आणखी दहा वर्षेही एवढे नुकसान करू शकली नसती, असा त्यांचा अभिप्राय आहे. 'या लोकांना काटकसर ठाऊकच नाही' असा शेरा पुढे ज्यांनी मारला, त्यांना या साठ हजार पासबुकांचा विसर पडला होता.

मराठी वाचकाला १८७३ हे साल वेगळ्या कारणाने परिचित आहे. जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, आणि तिची अर्पणपत्रिका गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना उद्देशून आहे. जे कुक यांची पेढी बंद पडल्यानंतर सहाव्या दिवशी, २४ सप्टेंबरला, पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. तारखांच्या या जवळिकीतून काही सिद्ध होत नाही. परंतु ज्या यादवी युद्धाने फ्रीडमन्स बँकेला जन्म दिला, त्याच युद्धाने दख्खनच्या कापसाला चढा भाव दिला होता आणि युद्ध संपताच तो हिरावून नेला होता. कर्जात रुतलेल्या शेतकऱ्यांनी मे १८७५ मध्ये सुप्यात व अन्यत्र सावकारांची खतपत्रे जाळली. दोन्हीकडे निरक्षर श्रमिकाचा संबंध कागदाशी आला. दख्खनच्या कुणब्याच्या दृष्टीने खत हा फास होता, म्हणून त्याने तो जाळला. अमेरिकेतील मुक्त गुलामाच्या दृष्टीने पासबुक हे मुक्तीचे प्रमाणपत्र होते, म्हणून त्याने ते जपून ठेवले. तरुण डग्लस यांनी गुलामीतून निसटण्याच्या फसलेल्या प्रयत्नात मालकाच्या नावाने खोटे परवाने लिहिले होते, हे येथे आठवावे. त्या परवान्यावर सही मालकाची होती. पासबुकावर नाव खातेदाराचे स्वतःचे होते.

आत्मचरित्रात न दिसणारा ठेवीदार एका वेगळ्या कागदावर मात्र दिसतो. सही करता न येणाऱ्या खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँकेच्या शाखांमधून नोंदवह्या ठेवल्या जात. त्यांत वय, जन्मस्थान, वर्ण, धंदा यांबरोबरच पूर्वीच्या मालकाचे नाव, मळ्याचे नाव, आईबाप, नवराबायको, मुले व भावंडे यांची माहिती कारकून विचारून लिहीत असे. कोण कोठे विकले गेले, कोणाचा पत्ता लागला नाही, हेही पुष्कळदा त्या चार ओळींत येई. खाली सहीच्या जागी फुली. लेखनकौशल्याचा कोणताही हेतू नसलेल्या या नोंदी म्हणजे हजारो लोकांनी तोंडी सांगितलेली, दुसऱ्याच्या हाताने उतरलेली आत्मनिवेदनेच आहेत. प्रकाशित गुलामनिवेदनांची संख्या त्यांच्यापुढे अगदीच तोकडी वाटते. या वह्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झाल्या असून २००१ मध्ये त्यांची संगणकीय सूची प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४,८०,००० नावे आहेत. बुडालेल्या ठेवीच्या वारसांना त्या वह्यांत रक्कम सापडत नाही. विकल्या गेलेल्या एखाद्या पणजीचे नाव, तिच्या भावंडांच्या नावांसह, सापडते.