वळिवड्याच्या बराकी

माझे माहेर रुकडीचे. वडिलांचे कापडाचे दुकान होते आणि खरेदीसाठी ते गांधीनगरला जात. कोल्हापूरजवळची ही घाऊक बाजारपेठ आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांना परिचित असेल. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर जाई आणि भाव ठरेपर्यंत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून राही. आजी सांगे, त्या जागी पूर्वी ‘पोलंडच्या बायका’ राहत होत्या. त्यांच्या गोऱ्या मुली पंचगंगेवर पोहायला जात. आम्ही भावंडे हसत असू. जी बाई कधी मिरजेपलीकडे गेली नाही, तिला पोलंड कोठून ठाऊक असणार, असे आमचे शहाणपण होते.

आजीला जाऊन बावीस वर्षे झाली. गेल्या चातुर्मासात भाच्याने ‘पोल्स इन इंडिया १९४२–१९४८’ हे जाडजूड इंग्रजी पुस्तक कोपरीच्या घरी आणून दिले, आणि आजीचा शब्द न् शब्द खरा निघाला. महायुद्धाच्या काळात वळिवड्याच्या छावणीत आणि जामनगरजवळील बालाचडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांनी पुढे ब्रिटनमध्ये स्थापन केलेल्या संघटनेने हे संकलन सिद्ध केले आहे. त्यात आठवणी आहेत, कागदपत्रे आहेत, छायाचित्रे आहेत. वाचायला सोपे नाही. नावे आणि तारखा इतक्या येतात की प्रारंभी मला जुनी खातेवही चाळत असल्यासारखे वाटले. नंतर ध्यानी आले की ती खातेवहीच आहे. कोण कोठे हरवले, कोण कोठे पुरले गेले, याची नोंद दुसरे कोणी ठेवणार नव्हते.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधील कुटुंबे रातोरात घराबाहेर काढून, गुरांच्या डब्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवली गेली. काम जितके, पाव तितका, हा तेथील नियम. ज्यांचे हात कामाला लहान, त्यांच्या वाट्याला आईच्या पावाचा तुकडा.

हा भाग मी दशलक्षण पर्वातील उपवासाच्या दिवशी दुपारी वाचत होते. भूक म्हणजे काय हे मला कळते, असा माझा इतकी वर्षे समज होता. त्या दुपारी मला स्वतःचाच संकोच वाटला. माझ्या उपवासाला दुसऱ्या दिवशी सकाळचे पारणे होते. घरात मुगाचे पाणी तयार होणार होते. त्या मुलांच्या भुकेला पारण्याची वेळ ठरलेली नव्हती. उपवासाचे मोल यामुळे कमी होते असे मी म्हणत नाही. परंतु ‘मी उपाशी आहे’ हे शब्द मी आता जपून वापरते.

१९४१ च्या जुलैमध्ये रशिया आणि पोलिश सरकार यांच्यात करार झाला, तेव्हा या लोकांना बाहेर पडता आले. ते इराणमार्गे कराचीला आणि तेथून १९४३ मध्ये वळिवड्याला आले. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. कौलारू बराकी, खोल्यांमध्ये बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, शाळा, चर्च, बालवीर पथके. आसपासचे विक्रेते पाहता पाहता कामापुरती पोलिश बोलू लागले, हे वाचून व्यापाऱ्याची लेक म्हणून मला मौज वाटली. गिऱ्हाइकाची भाषा आधी शिकावी, हे माझे वडीलही सांगत.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या लोकांनी १९९८ मध्ये स्मृतिस्तंभ उभारला. त्या बागेत मी कितीतरी वेळा गेले, परंतु त्यावरील मजकूर कधी वाचला नाही. २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली, तेव्हा आपल्या आतिथ्याची सर्वत्र वाहवा झाली. ती अनाठायी नव्हे. तथापि छावणीच्या खर्चाची जबाबदारी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने उचलली होती, हेही विसरू नये. पुस्तकातली मला जाणवलेली कृतज्ञता आतिथ्याहून अधिक साध्या गोष्टींबद्दल आहे. दाराला आतून लावता येणारी कडी, स्वतःची चूल, सकाळी जाण्यासाठी शाळा.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. त्याचेच पुढे गांधीनगर झाले. ज्या कराचीत पोलिश मुलांना आसरा मिळाला होता, त्याच कराचीतून ही मुले बाहेर पडली होती. आमच्या कोपरीतही फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. त्यांच्याशी आमचा रोजचा व्यवहार. सुटे पैसे, दिवाळीची मिठाई, लग्नाची आमंत्रणे. त्यांचे बालपण कसे गेले, हे मात्र तीस वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

पुस्तक घेऊन मी समोरच्या अम्मांकडे गेले. त्यांचे वय ८४. सात वर्षांच्या असताना त्या कराचीहून बोटीने आल्या आणि पहिली काही वर्षे कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकीत, आजच्या उल्हासनगरात, राहिल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी छायाचित्रे पाहिली आणि एका बराकीच्या चित्रावर बोट ठेवले. “आमच्याकडे तट्ट्या नव्हत्या, गोणपाटाचे पडदे होते,” त्या म्हणाल्या. “पलीकडची बाई रात्री रडायची. आई म्हणायची, झोपल्याचे सोंग कर, तिला लाज वाटेल.”

मग त्यांनी विचारले, या मुली पुढे कोठे गेल्या? कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात, मी सांगितले. आपल्या गावी फारसे कोणी नाही. युद्धानंतर सरहद्द बदलली आणि ती गावे रशियाकडे गेली.

“म्हणजे त्यांचेही,” अम्मा म्हणाल्या आणि पान उलटले.

भाचा पुस्तक परत मागतो आहे. ते अद्याप अम्मांकडेच आहे. दुपारी दुकानात गर्दी नसली की त्या चष्मा लावून चित्रे पाहत बसतात. मागायचे माझ्याने होत नाही.