आसन्नीकरण

आसन्नीकरण : दिलेल्या संख्येऐवजी तिच्या निकटची, परंतु वापरण्यास अधिक सोयीची संख्या घेण्याची क्रिया. अशा संख्येस मूळ संख्येचे आसन्न मूल्य म्हणतात. ‘आसन्न’ ही संज्ञा प्राचीन आहे. पहिले आर्यभट यांनी आर्यभटीय (४९९) या ग्रंथात २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ असा देऊन तो आसन्न असल्याचे स्पष्ट केले आहे.

आसन्नीकरणाची कारणे मुख्यतः तीन आहेत. ठोकळ संख्या ध्यानात ठेवण्यास व सांगण्यास सोपी असते. ‘दहाबारा’, ‘पन्नासेक’, ‘शेदोनशे’ यांसारखे मराठी शब्दप्रयोग याच गरजेतून आले आहेत. दुसरे कारण मापनाच्या मर्यादेचे होय. मिलिमीटरपर्यंतच खुणा असलेल्या फितीने मोजलेली लांबी २·३४५६७ मी. अशी लिहिल्यास नसलेली अचूकता सूचित होते. तिसरे कारण चलनाचे होय. भारतात २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून काढून घेण्यात आल्यामुळे रोखीच्या व्यवहारात तेवढी सूक्ष्म रक्कम चुकती करता येत नाही.

आसन्नीकरण नकळतही होते. जनगणनेत अनेक जण आपले वय ० किंवा ५ हा अंक शेवटी येईल असे सांगतात. त्यामुळे ३० किंवा ४० वर्षे वयाच्या व्यक्तींची संख्या वाजवीपेक्षा अधिक दिसते आणि लोकसंख्येच्या अभ्यासात तिची दुरुस्ती करावी लागते.

नियम : सोडावयाच्या अंकांपैकी पहिला अंक ५ पेक्षा लहान असल्यास राखलेला शेवटचा अंक तसाच ठेवतात; मोठा असल्यास त्यात १ मिळवितात. उदा., शतकापर्यंत ४,७३८ चे आसन्न मूल्य ४,७००, तर ४,७६२ चे ४,८०० येते. सोडावयाचा भाग नेमका ५ असल्यास प्रत्येक वेळी १ मिळविल्याने मोठ्या बेरजेत एकाच दिशेने त्रुटी साचते. म्हणून भारतीय मानक संस्थेच्या १९६० च्या मानकात राखलेला अंक सम येईल असा नियम दिला आहे. त्यानुसार २·५ चे २ व ३·५ चे ४ होतात.

त्रुटीसंचय : कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० पासून सुरू झाला. तो दिवसातून हजारो वेळा नव्याने काढला जाई व प्रत्येक वेळी तीन दशांश स्थळांपुढील अंक केवळ छाटले जात. एका वेळची त्रुटी एकसहस्रांशाहूनही कमी होती. तथापि नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक सुमारे ५२४ पर्यंत उतरलेला दिसत होता. दुरुस्तीनंतर तो १,०९८ च्या वर असल्याचे आढळले.

टप्प्याटप्प्याने केलेले आसन्नीकरणही फसवे ठरते. २·३४६ चे एका दशांश स्थळापर्यंतचे आसन्न मूल्य २·३ आहे. परंतु प्रथम २·३५ व नंतर पुन्हा आसन्नीकरण केल्यास ते २·४ येते. यास्तव गणिताच्या मधल्या पायऱ्यांत अधिक अंक राखून आसन्नीकरण अखेरच्या उत्तराचे एकदाच करतात.