दारू, यकृत आणि प्रथिनांचा बिघडलेला कारभार

रक्ततपासणीच्या कागदावर ‘एसजीओटी’ आणि ‘एसजीपीटी’ ही नावे अनेकांनी वाचलेली असतात. आकडे वाढले म्हणजे लिव्हर बिघडले, एवढेच आपण जाणतो. पण ही दोन्ही एन्झाइम्स प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांवर काम करणारी आहेत. एका अमिनो आम्लावरचा नायट्रोजनचा गट उचलून दुसऱ्या रेणूवर बसवायचा, हे त्यांचे काम. यकृताच्या पेशी दुखावल्या की ती रक्तात उतरतात. विषाणूंमुळे झालेल्या काविळीत सहसा एसजीपीटी वरचढ असते. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्यांत बहुधा एसजीओटी तिच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक भरते. याचे एक कारण ब-६ जीवनसत्त्व. एसजीपीटीचे त्यावाचून जास्त अडते आणि दारू ते शरीरात टिकू देत नाही.

नुकसान इथेच थांबत नाही. दारूपासून यकृतात ॲसिटाल्डिहाइड तयार होते आणि मेथिओनिन या अमिनो आम्लाचे पुढचे चक्र अडखळते. होमोसिस्टीन साचते, ग्लुटाथायोन घटते. तीन अमिनो आम्लांपासून बनणारे ग्लुटाथायोन विषारी द्रव्यांपासून यकृताचे रक्षण करते. त्याचा साठा आटल्यामुळेच रोज पिणाऱ्याला पॅरासिटामॉलच्या जादा गोळ्या घातक ठरू शकतात.

अमिनो आम्ले वापरली गेली की अमोनिया उरतो. यकृत त्याचा युरिया कसा करते, हे हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी 1932 मध्ये उलगडले. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर झाल्यावर, हे काम मंदावते. मग अमोनियाचा भार स्नायूंवर येतो, तिथे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही अमिनो आम्ले खर्ची पडतात आणि दंड-मांड्या वाळतात. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी बनल्याने पायांवर सूज येते, पोटात पाणी साठायला हातभार लागतो. अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचला की माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो. हात पुढे ताणून पंजे वर धरायला सांगितले, तर ते पुन्हापुन्हा खाली पडतात. घरच्यांना वाटते, कालची उतरलेली नाही. अशा वेळी त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायला हवे.

‘चांगलं खाल्लं-प्यायलं की दारू बाधत नाही’ हा समज संशोधक चार्ल्स लीबर यांनी 1970 च्या दशकात बबून माकडांवरील प्रयोगांतून खोडला. सकस आहार मिळूनही दारूमुळे काही बबूनना सिरॉसिस झाला.

दुसरा घातक समज पथ्याचा. लिव्हरचे दुखणे म्हटले की डाळ, अंडी, दूध बंद करून रुग्णाला उसाचा रस आणि मऊ भातावर ठेवले जाते. एकेकाळी डॉक्टरही प्रथिने तोडत. आज सिरॉसिसच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने देण्याची शिफारस आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. पोटात पाणी असेल तर वजनाचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्यावा. वरण, उसळ, दही, पनीर थोडेथोडे, दिवसातून अनेकदा द्यावे. झोपण्यापूर्वीही काही खायला द्यावे, कारण आजारी यकृताकडे रात्रभर पुरेल इतका साखरेचा साठा नसतो आणि उपाशीपोटी शरीर स्नायूच मोडू लागते.

दारू चालू असेल, तर यातले काहीच पुरे पडणार नाही. मात्र रोज पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली, तर झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, पण सोडा. आणि घरच्यांनो, रुग्णाच्या ताटातले वरण काढून घेऊ नका.