रायफलची नळी : नावावर जाऊ नका, कागदावर पाहा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुण घेऊन कांस्यपदक पटकावले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. तेव्हा उसाच्या पट्ट्यातली पोरंपोरी नेमबाजीकडे वळली तर त्यात नवल ते काय?

सुरुवात एअर रायफलवर होते. पण पोरगं पुढे ५० मीटरला आलं की .२२ बोअरची रायफल लागते आणि मग घरात खर्चाची चर्चा सुरू होते. चांगल्या रायफली जर्मनीतल्या उल्म शहरासारख्या ठिकाणाहून येतात. पैसा जातो तो ऊसबिलातून. म्हणून नळी कशी पारखावी आणि नळीच्या तोंडाला काय लावावे, याची माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांनाही असलेली बरी, असे आम्हांस वाटते.

नळीत असते काय?

आपल्याकडे शेतसंरक्षणासाठी असलेल्या ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मात्र पिळदार खाचा असतात. .२२ च्या नळीत साधारण १६ इंचांत एक पूर्ण पीळ असतो. स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते, म्हणजे हिशेबाने ती सेकंदाला ८०० गिरक्या घेते. भोवरा फिरता असला की उभा राहतो, तशी ही गोळी गिरकीच्या जोरावर सरळ जाते.

आता लक्ष्य किती मोठे, तेही बघा. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढे. काडतुसाच्या दारूत थोडा फरक पडून गोळीचा वेग सेकंदाला १० मीटरने घटला, तर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. नेमबाजाचा हात स्थिर असूनही गुण जातो तो असा.

दोन नळ्या सारख्या नसतात

एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, एकाच दिवशी निघालेल्या दोन नळ्यासुद्धा वेगळ्या वागतात. आतल्या व्यासातला केसाहून बारीक फरक आणि पोलादात राहिलेला ताण याला कारण होतो. नळीचे तोंड तर सर्वांत नाजूक. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती तिथेच. तिथे एखादी खरवड असली, तर मागून येणारा वायू गोळीला एका बाजूने ढकलतो. म्हणून साफ करायची सळई शक्य तिथे मागच्या बाजूने घालतात आणि तोंडाला घासू देत नाहीत.

काडतुसांचेही तसेच. डबीवरचे नाव तेच असले तरी लॉट बदलला की वागणूक बदलते. एका नळीला मानवलेला लॉट दुसऱ्या नळीला मानवेलच असे नाही. तेव्हा 'अमक्याने हेच काडतूस वापरून पदक मिळवले' या बोलण्याला फारसा अर्थ नाही. पदक त्याच्या नळीने मिळवले, आपली नळी वेगळी.

चाचणी कशी करतात?

रायफल भक्कम बैठकीवर पकडीत घट्ट बसवतात, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष मधे येत नाही. मग ५० मीटरवर एका लॉटच्या दहा गोळ्या झाडायच्या आणि कागदावरच्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजायचे. असे निदान दोन-तीन कागद करायचे, मग दुसरा लॉट घ्यायचा. ईले आणि लापुआ या काडतुसांच्या कंपन्या परदेशात अशी चाचणी-केंद्रे चालवतात. नेमबाज आपली रायफल तिथे नेतात आणि जुळलेल्या लॉटची खरेदी करतात.

तीन गोळ्या एकाच छिद्रातून गेल्या म्हणून हुरळून जाऊ नये. प्लॉटमधला एकच ऊस तोडून ब्रिक्स पाहिला आणि तोडणी लावली, असे आपण करतो का? ठिकठिकाणचे ऊस घेतो, तेव्हा कुठे प्लॉट पक्व आहे की नाही ते कळते. इथेही तसेच. थोड्या गोळ्यांचा कागद नेहमी देखणा दिसतो. दुसरे म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नळी, काडतूस आणि तोंडावरचे वजन एकदम बदलले, तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तोंडाला काय लावावे?

दुकानदार नळीच्या तोंडाला लावायच्या बऱ्याच वस्तू दाखवतो. त्यांतल्या वजनाच्या कड्यांनी तोल पुढे जातो आणि रायफल कमी डुलते. जोडनळीने पुढची माशी लांब जाते, त्यामुळे नेमातली चूक कमी होते. तिचे छिद्र मोठे असते, गोळीचा तिला स्पर्श होत नाही. तिसरा प्रकार ट्यूनरचा, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या वजनाचा. गोळी सुटताना नळी थरथरते आणि तिचे तोंड वरखाली होते. तोंड वर जात असतानाच गोळी बाहेर पडली, तर उशिरा येणारी मंद गोळी किंचित वरच्या कोनात सुटते आणि तिची घसरण भरून निघते. ट्यूनरने ही वेळ जुळवायची असते. पण जुळली की नाही हे दहा-दहा गोळ्यांचे कागदच सांगतात. न तपासता लावलेला ट्यूनर बिघाडही करू शकतो.

वायू बाजूला फेकून धक्का कमी करणारे मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर मात्र घेऊच नयेत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धांत त्यांना मनाई आहे आणि .२२ ला धक्का असतोच किती? आवाज दाबणाऱ्या जोडण्या तर आपल्या कायद्यानेच मनाईच्या वर्गात मोडतात.

पैसे मोडण्यापूर्वी

प्रथम जिल्ह्याच्या मान्यताप्राप्त रायफल संघटनेत पोरांना घालावे आणि क्लबच्या रायफलवर हात बसू द्यावा. देशपातळीवरची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. .२२ ला परवाना लागतो, त्यात पळवाट नाही. चाचणी फक्त रेंजवरच करायची. बांधावर कागद लावून कुणी प्रयोग करू नयेत, ही छोटीशी गोळी मैलभर जाते.

वापरलेली रायफल घ्यायची झाली, तर आधी तिचे दहा गोळ्यांचे कागद मागावेत, नळीचे तोंड भिंगाखाली पाहावे आणि जाणत्या प्रशिक्षकाला बरोबर न्यावे. नवी घेतली तर उरलेला पैसा तोंडावरच्या शोभेच्या वस्तूंत न घालता जुळलेल्या लॉटच्या काडतुसांत घालावा. बेण्यावर खर्च करणारा शेतकरी बांधाला रंग देत बसत नाही. आपल्या पोरांच्या हातात रायफल देतानाही हाच व्यवहार पाहावा, एवढेच आमचे सांगणे.