पोशीरच्या पावसात कोणता प्लाय?

पावसाळ्यात पोशीरच्या घरांतल्या भिंतींना हात लावला की ओल कळते. अशा गावात कपाट किंवा ओट्याखालच्या ट्रॉल्या करायच्या तर भाव नंतर विचारावा, आधी कुठली फळी घरात कुठे बसणार ते ठरवावं.

लाकडाचे पातळ पापुद्रे एक उभा, एक आडवा असे चिकटवून दाबले की प्लाय तयार होतो. ओलीने लाकूड तंतूंच्या आडव्या अंगाला फुगतं, पण शेजारचा थर त्याला फुगू देत नाही. ही पकड गोंदाची, म्हणून ग्रेडही मुख्यतः गोंदावरून ठरते. बाजारात ज्याला 'कमर्शियल' म्हणतात त्या एमआर प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइड असतं. त्याची परीक्षा 60 अंशांच्या पाण्यात 3 तास. तो दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. बीडब्ल्यूआरमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड असतं आणि तो 8 तास उकळून पाहतात. आयएस 710 चा मरीन प्लाय तब्बल 72 तास उकळतात.

म्हणून सगळं घर 710 मध्ये करायचं का? माझ्या मते नाही. सिंकखाली, ओट्याखाली आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून तो हवाच, तिथे काटकसर नको. बाकीच्या कपाटांना चांगला बीडब्ल्यूआर पुरतो. बाहेरच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटात एमआर मात्र मी घालणार नाही, आणि पावसाळाभर कुलूप असलेल्या फार्महाऊसमध्ये तर मुळीच नाही, कारण तिथे वारा खेळत नाही. कपाटाचं सात फुटी दार असेल तर ब्लॉकबोर्ड घ्यावा. आतल्या लाकडी पट्ट्यांमुळे तो वजनाला हलका आणि सहसा वाकत नाही.

दुकानात फळीची कड उजेडात धरून पाहा. थरांमध्ये पोकळी किंवा एकावर एक चढलेले तुकडे दिसले तर फळी परत ठेवा, तिथे स्क्रू धरत नाही. फिनॉल गोंदाची रेघ गडद तपकिरी दिसते. पण गोंदात रंग मिसळूनही ती गडद करता येते, तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नका. एक कापलेला तुकडा मागून आणा आणि पातेल्यात दिवसभर उकळा. थर सुटले तर तो बीडब्ल्यूआर नव्हे.

इतकं करूनही पाणी शिरतं ते बहुधा कापलेल्या कडेतून. दिसणाऱ्या कडांना पट्टी लागते, पण सिंकखालच्या फळीची खालची कड आणि पाइपासाठी पाडलेलं भोक तसंच राहतं. सुतार समोर असतानाच तिथे ऑइल पेंटचे दोन हात मारून घ्या. कपाट जमिनीपासून चार बोटं उचललेलं आणि भिंतीपासून थोडं सुटं ठेवा, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीची माती वेळीच दिसते. ऐन पावसात टेम्पोतून माल आला तर फळ्या भिंतीला तिरक्या टेकवू नका. छपराखाली तीन रिपांवर आडव्या ठेवून दोन दिवस वारा लागू द्या, मगच कापायला घ्या.