साथीचा ताप आणि व्यापाऱ्याचा यत्नाचार

अंगात ताप असला तरी व्यापाऱ्याने गादी सोडू नये, अशी समजूत आपल्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कष्टाळूपणाचे ते भूषण मानले जाते. इतर दुखण्यांत त्यात काही तथ्य असेलही; परंतु श्वासावाटे पसरणाऱ्या साथीच्या तापात ते भूषण नसून दुसऱ्याच्या जिवावर केलेला व्यवहार आहे, हे व्यापारी बंधूंपुढे नम्रपणे मांडावयाचे आहे.

इन्फ्लुएंझाची महासाथ १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत शिरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट पहिलीहून कितीतरी घातक ठरली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, धान्याचे भाव चढले आणि अर्धपोटी माणसांना तापाने गाठले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांत ऐन उमेदीतील तरुणांचा भरणा मोठा होता. पुढे १९५७ मध्ये आणि २००९ मध्ये इन्फ्लुएंझा नव्या रूपाने आला. २०२० मध्ये कोरोनाने तर साऱ्या बाजारपेठांना कुलपे लावली. रोगाची नावे बदलली, पसरण्याची रीत मात्र तीच राहिली.

खोकताना, शिंकताना, इतकेच काय, मोठ्याने बोलतानाही रोगाचे कण बाहेर पडतात व कोंदट जागेत हवेत तरंगत राहतात. धान्यपेठेत बोलणे मोठ्यानेच होते. वखारीत वारा कमी असतो. धुळीने खोकला नित्याचाच, त्यामुळे साथीचा खोकलाही धुळीच्या नावावर खपून जातो. शिवाय जिभेला बोट लावून नोटा मोजण्याची व वहीचे पान उलटण्याची सवय आहेच. इन्फ्लुएंझाचा रोगी तर ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस रोग देऊ शकतो. म्हणून साथीच्या दिवसांत पेढीची दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गर्दीत नाका-तोंडावर मुखाच्छादन घ्यावे, साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत व जिभेला बोट लावण्याऐवजी ओला स्पंज जवळ ठेवावा.

मालकाने घरी राहणे सोपे आहे. हमालाचे तसे नाही. पोत्यामागे मजुरी घेणारा माणूस तापातही पाठीवर ओझे घेतो, कारण त्या दिवशीची चूल त्यावरच पेटते. त्याला ‘घरी जा’ म्हणणाऱ्या पेढीने त्या दिवसांची मजुरीही दिली पाहिजे. हे औदार्य नव्हे. एका हमालाच्या चार दिवसांच्या मजुरीपुढे साऱ्या वखारीचे आजारपण फार महाग पडते.

घरी रोग्यास शक्यतो स्वतंत्र, हवेशीर खोली द्यावी. शुश्रूषा एकानेच करावी. ते काम घरातील वृद्धांवर वा गरोदर स्त्रीवर सोपवू नये. खोलीत दोघांनीही मुखाच्छादन वापरावे. रोग्याची भांडी साबणाने स्वच्छ धुतली म्हणजे पुरे. विश्रांती, पेज, मुगाचे कढण, भरपूर पाणी आणि तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेक रोगी बरे होतात. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. ती मनाने घेऊ नयेत. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

आपल्या घरांत उपवास व सूर्यास्तानंतरचा जलत्याग श्रद्धेने पाळला जातो. तापात शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, विशेषतः वृद्धांचे. अशा वेळी नियमाविषयी त्यागी-महाराजांना व औषधाविषयी वैद्यास आधीच विचारावे. रोग्याने एकट्याने हट्ट धरू नये.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, भान हरपणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे किंवा ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. तात्काळ रुग्णालय गाठावे. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही व दमेकरी यांनी तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. कारण इन्फ्लुएंझावरील विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी लागते, हेही ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे.

औषधावाचून चोवीस तास ताप आला नाही व प्रकृती सुधारत असली, तरच पेढीवर यावे. पुढील काही दिवस मुखाच्छादन ठेवावे.

आपले साधू-साध्वी मुखपट्टी बाळगतात ती रोगाच्या भयाने नव्हे, तर आपल्या श्वासाने सूक्ष्म जीवास इजा होऊ नये म्हणून. जो समाज वायूतील जीवाची एवढी काळजी वाहतो, त्याने समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची, गुमास्त्याची व हमालाची काळजी वाहू नये काय? बंद ठेवलेल्या चार दिवसांचा धंदा पुढे भरून निघतो. गेलेले माणूस कोणत्याही वहीत पुन्हा जमा होत नाही.