काटकसरीचा फुटबॉल

मुंबईला फुटबॉलचे वावडे आहे, असा एक समज क्रिकेटवेड्या मुंबईकरांनी मोठ्या आवडीने जपला आहे. पण रोव्हर्स करंडक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली ती याच शहरात. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, शिवाय बँका आणि रेल्वे यांचे संघ वर्षानुवर्षे कूपरेजवर उतरत. इकडे नाहूर-भांडुपच्या चाळींतली पोरे पावसाळ्यात बॅट कोनाड्यात ठेवून चिखलात फुटबॉल तुडवीत, तीही याच परंपरेची लांबची नातलग. चांगला खेळणाऱ्याला कंपनीत नोकरी मिळे. म्हणजे पाय थकले तरी पगार थकत नसे.

या व्यवस्थेच्या उतरत्या काळात खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर आला. जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. मधल्या फळीत खेळणारा हा मुलगा महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळला, भारताची जर्सीही त्याने अंगावर चढवली. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. मुंबई एफसी या २००७ साली स्थापन झालेल्या क्लबकडे तो खेळाडू म्हणून गेला आणि २००९ साली, वयाच्या बत्तिशीत, त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला.

तोवर शहराचा फुटबॉल आटत चालला होता. रोव्हर्स करंडक २०००-०१ नंतर झालाच नाही. महिंद्र युनायटेडने २०१० साली गाशा गुंडाळला. अशा दिवसांत खालिद यांनी मुंबई एफसी सात वर्षे सांभाळली. या सात वर्षांत करंडक एकही नाही. पण संघ आय-लीगमधून खाली कधी घसरला नाही. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला या कामगिरीचे मोल चटकन कळते. नफा दाखवणाऱ्या शाखाधिकाऱ्याचा सत्कार होतो. तुटपुंज्या ठेवींवर शाखा बुडू न देणाऱ्याचे नाव मात्र मुख्य कार्यालयात कुणाला आठवत नाही. २०१६ साली क्लबने खालिद यांना निरोप दिला.

पुढचा मोसम म्हणजे नियतीने मांडलेला ताळेबंदच होता. मिझोरामचा ऐझॉल एफसी आदल्या वर्षी आय-लीगमधून बाहेर फेकला गेला होता. गोव्याचे क्लब स्पर्धेतून निघून गेले म्हणून त्याला परत जागा मिळाली. पैसा थोडा, नाव त्याहून थोडे. खालिद तिथे गेले आणि जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफसीकडून खेळलेले मोहरेही त्यांच्या संघात आले. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने बलाढ्य मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध नवव्याच मिनिटाला गोल खाल्ला. उत्तरार्धात लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि तेवढी बरोबरी पुरली. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच मोसमात तळाला कोण राहिले? मुंबई एफसी. तो क्लब नंतर बंदच पडला.

ऐझॉलच्या यशाने खालिद यांच्यासाठी कोलकात्याची दारे उघडली. पण ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही ठिकाणी मुक्काम अल्प ठरला. दुसऱ्या स्थानालाही पराभव मानणाऱ्या गावात सबुरी महाग असते. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला काढले आणि हंगामी म्हणून यांना उभे केले. संघ सलग अपराजित राहून इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत पोचला. मग त्यांना कायम करण्यात आले, आणि ‘आयएसएल’मध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले भारतीय ठरले. पुढचा मोसम मात्र वाईट गेला. जमशेदपूरने त्यांना २०२३ च्या अखेरीस बोलावले. २०२५ साली तो संघ लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत पोचला. बचाव घट्ट ठेवायचा, संधी मिळताच वेगाने पुढे धावायचे, हे त्यांचे साधे व्याकरण. रसिकांना ते रूक्ष वाटते. पण पदरी तारे नसलेल्या माणसाने आकाशगंगा कुठून मांडावी?

ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्याच्या साव्हियो मेदैरा यांच्यानंतर, म्हणजे २०१२ नंतर, ही जागा परदेशी प्रशिक्षकांकडेच होती. पहिल्याच महिन्यात त्यांच्या संघाने ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ असे नमवले. त्याच स्पर्धेत तिसऱ्या स्थानासाठी, क्रमवारीत कितीतरी वरच्या ओमानला पेनल्टींवर हरवले. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि आशिया चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही हरवले.

टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण पात्रता फेरीतले पहिले दोन सामने, बांगलादेशाशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून पराभव, आधीच्या प्रशिक्षकाच्या काळातले होते. थकलेले कर्ज नव्या साहेबाच्या नावावर चढते, हा सगळ्याच कचेऱ्यांचा रिवाज आहे. परदेशी माणूस हरला की आपण त्याच्या ‘प्रकल्पा’ला मुदत देतो, घरचा हरला की त्याची लायकी काढतो. तीन महिन्यांत जय आणि पराजय दोन्ही दाखवणाऱ्या माणसाला मोजण्याची फूटपट्टी तरी एकच असावी.

खरा प्रश्न त्यांच्यापुरता नाहीच. कंपन्यांच्या संघांनी नोकऱ्या दिल्या, मैदाने राखली, खेळ संपलेल्या खेळाडूंना शिकवण्याची उमेद दिली. ती व्यवस्था मोडली. तिच्या जागी चकचकीत लीग आली, पण दुखापतीने तिशीतच बाहेर पडलेल्या खेळाडूला हाताशी धरून सात वर्षे प्रशिक्षक म्हणून घडू देणारा क्लब आला नाही. ऐझॉलचा करंडक मिझोरामचा आहे, त्यात वाटा मागण्याचा आपल्याला हक्क नाही. मात्र तो जिंकून देणारा माणूस कूपरेजवर घडला होता, आणि आज तसा दुसरा घडायचा असेल तर कुठे, याचे उत्तर या शहराने द्यायला हवे.